पगाराची खिडकी : पुण्याचा पगार, नाशिकचं घर

नव्या वर्षात कंपन्यांना आपल्या माणसांचं तोंड बघावंसं वाटू लागलेलं दिसतंय. या महिन्याच्या पत्रांत निम्मी 'ऑफिसला या' या एकाच मेलबद्दल आहेत. मी नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आधी टाइम ऑफिस आणि मग पर्सोनेल सांभाळलं. त्या काळात घरून काम म्हटलं की पंचवटीत वाती वळणाऱ्या बायका डोळ्यांसमोर यायच्या. आता इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या बेडरूममधून अमेरिकेतल्या बँकेचं काम चालतं. तरी पत्रं वाचताना जाणवतं की माणसं अडतात ती जुन्याच ठिकाणी. कंपनीच्या मर्जीवर असलेल्या गोष्टीसाठी भांडतात आणि कायद्याने मिळालेली गोष्ट मात्र हात जोडून मागतात. एक पत्र सविस्तर घेते, कारण त्यातला हिशेब बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, राहायला इंदिरानगरला. कंपनी पुण्याची, ऑफिस हिंजवडीत. कोरोनात लागले, तेव्हापासून घरूनच काम करते. साडेचार वर्षं झाली. मधे बाळंतपणाची रजा घेतली, मुलगा आता दोन वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात मेल आला की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिस सक्तीचं. मॅनेजर म्हणतो, माझ्या हातात काही नाही. इकडे मुंबई नाक्याजवळच्या एका कंपनीची ऑफर आहे, पण रोज ऑफिस. तिथे पॅकेज ८ लाख ४० हजार, सध्याचं ११ लाख ४० हजार. त्यातलं व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, गेल्या वर्षी साठ टक्केच मिळालं. पुण्यात शेअरिंगची खोली, खाणं आणि दर आठवड्याची बस धरून महिन्याला १४ हजार लागतील असा अंदाज काढलाय. नवरा म्हणतो सोड. सासूबाई म्हणतात जा, मी बघते बाळाला. पण त्यांनाही शुगर आहे. कंपनी अशी सक्ती करू शकते का? आणि तीन लाख सोडावेत का? दोन्हीकडचे कागद जोडले आहेत.
— एक टेस्टर, इंदिरानगर

उत्तर : सक्ती करू शकते. खासगी नोकरीत घरून काम करणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे असं म्हणणारा कायदा आपल्याकडे नाही. तुमचं अपॉइंटमेंट लेटर मी वाचलं. कामाचं ठिकाण 'पुणे', आणि पुढे ते नेहमीचं वाक्य आहे की कंपनीला गरज पडेल तिथे जावं लागेल. कोरोनात तुम्हाला घरी बसवलं ते एका मेलवर, आणि आता परत बोलावलं तेही मेलवरच. बाळंतपणाच्या कायद्यात घरून कामाचा उल्लेख आहे खरा, २०१७ च्या दुरुस्तीत आला. पण तो २६ आठवड्यांची रजा संपल्यानंतरच्या काळापुरता, कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि दोघांनी मिळून ठरवलं तर. मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर त्याचा आधार फारसा उरत नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, पण नाशिकहून लेकराला काखोटीला मारून हिंजवडीच्या पाळणाघरात कोण नेणार!

तेव्हा कायद्याचा विषय इथे संपला. आता पैशाकडे येऊ, कारण तुमचा तीन लाखांचा आकडाच मुळात खरा नाही.

पुण्याच्या ११ लाख ४० हजारांत १ लाख १४ हजार व्हेरिएबल आहे. ते बाजूला काढा. उरलेल्यातून कंपनीचा आणि तुमचा पीएफ, ग्रॅच्युइटी (सलग सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) आणि विम्याचा हप्ता वजा करा. ग्रॅच्युइटी सीटीसीत, म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजमध्ये, धरण्याची ही पद्धत मला कधीच पटली नाही. पाच वर्षांच्या आत सोडलं तर जे मिळणारच नाही, तेही दरवर्षी तुमच्या पगारात मोजून दाखवतात. असो. हे सगळं गेलं की महिन्याला हातात येतात साधारण ७८ हजार. नाशिकच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल नाही, तिथे हातात येतील ५९ हजारांच्या आसपास. टॅक्सचा प्रश्न दोन्हीकडे नाही, कारण नव्या पद्धतीत पगारदाराला २०२५-२६ पासून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर बसत नाही. म्हणजे महिन्याचा फरक पंचवीस हजारांचा नाही, एकोणीस हजारांचा आहे.

आता दोन्ही कागदांवरची पीएफची ओळ शेजारी-शेजारी ठेवा. पुण्याची कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापते. तुमचे १,८००, कंपनीचे १,८००. कंपनीच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शनला जातात, म्हणून तुमच्या खात्यात पडतात २,३५०. नाशिकची कंपनी पूर्ण बेसिकवर कापणार आहे. ३५,००० चे बारा टक्के म्हणजे ४,२०० तुमचे, ४,२०० त्यांचे. पेन्शनला तेवढेच १,२५० जातात आणि खात्यात पडतात ७,१५०. दरमहा ४,८०० रुपये जास्त, तेही २०२४-२५ मध्ये सव्वाआठ टक्के व्याज मिळालेल्या खात्यात. हातात दिसत नाहीत म्हणून ते तुम्ही मोजलेच नाहीत. ते धरले की फरक राहतो १४,२००. तुमचा पुण्याचा खर्च १४,०००. उरलं व्हेरिएबल, साठ टक्क्यांच्या हिशेबाने महिन्याला ५,७००. एकूण काय, तीन लाखांचा डोंगर महिना सहा हजारांच्या आत आला.

एवढ्या पैशासाठी आठवड्याला सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बसायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मुंबईला निदान पंचवटी एक्सप्रेस आहे. पासवाले डब्यात पत्ते खेळत, भजनं म्हणत वर्षानुवर्षं जातात. पुण्याला तशी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगी गाडी नाही. दोनशे दहा किलोमीटर आहेत, सगळे रस्त्याने.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मी नवऱ्याच्या बाजूची. थांबा. दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, पण कागदांत आहेत.

पहिली म्हणजे ग्रॅच्युइटी. साडेचार वर्षं झाली म्हणता. कायम नोकरीत राजीनाम्यावर ग्रॅच्युइटी मिळायला पाच वर्षांची सलग सेवा लागते, आणि बाळंतपणाची रजा त्या सेवेत धरली जाते. एचआरने वेगळं सांगितलं तर ऐकू नका. तुमचं बेसिक ४२,०००. त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, पाच वर्षांनी गुणा : १ लाख २१ हजार १५४ रुपये. आज राजीनामा दिलात तर नोटीस नव्वद दिवसांची, म्हणजे पावणेपाच वर्षांना बाहेर पडाल आणि या रकमेवर पाणी सोडाल. तीन महिने थांबून दिलात तर नोटीस पिरियडच तुम्हाला पाच वर्षांच्या पलीकडे नेऊन सोडेल, कारण तो सेवेतच मोजतात. चार वर्षं २४० दिवस पुरतात असंही कोणीतरी सांगेल. मद्रास उच्च न्यायालयाने तसं मानलेलं आहे, पण सव्वा लाखासाठी कंपनीशी कज्जा खेळण्यापेक्षा जॉइनिंगची तारीख कॅलेंडरवर लिहून तिच्यापुढे चार दिवस राहिलेलं बरं.

दुसरी म्हणजे सासूबाईंच्या शुगरसाठीचा विमा. पुण्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत सासू-सासरे आहेत आणि आधीपासूनच्या आजाराला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. नाशिकच्या ऑफरमध्ये फक्त नवरा, बायको, मूल. सासूबाईंची स्वतंत्र पॉलिसी काढायला गेलात की आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वेटिंग (त्या आजाराचा खर्च न मिळण्याचा काळ) लागू शकतं, आणि साठीनंतरचा हप्ता काय असतो ते एकदा एजंटला विचाराच. कंपनी सोडताना ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, झालेला वेटिंगचा काळ धरून. पण ही चौकशी नोटीस पिरियडमध्ये करायची. रिलिव्हिंग लेटर हातात पडल्यावर कोणी फोन उचलत नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर अजून सहा महिने काढले असते आणि ते कमी त्रासाचे कसे होतील ते बघितलं असतं. मॅनेजरशी तोंडी बोलू नका, एक पानभर मेल लिहा. आठवड्याला तीन दिवसांऐवजी महिन्यातून एक आठवडा सलग ऑफिसला येते, असा प्रस्ताव द्या. यात त्यांना टीम मीटिंगला तुम्ही समोर मिळता आणि तुमचा पुण्याचा खर्च निम्म्याच्याही खाली येतो, खोलीच घ्यावी लागत नाही. मेलमध्ये बाळाबद्दल एकच ओळ ठेवा. बाकी गेल्या वर्षीची तुमची कामं, रिलीज, तुम्ही पकडलेले मोठे बग, आकड्यांसकट. दया मागणाऱ्या मेलला 'पॉलिसी आहे' असं एका ओळीत उत्तर देता येतं. कामाचे आकडे असलेल्या मेलला उत्तर देण्याआधी मॅनेजरला वरच्याला विचारावं लागतं. आणि हो म्हणाले तर ते मेलवर घ्या, किती महिन्यांसाठी ते लिहून. तोंडी परवानगी मॅनेजर बदलला की संपते.

नाशिकवाल्यांना मोकळेपणाने विचारा : सहा महिने थांबता का, नाहीतर जाणाऱ्या ग्रॅच्युइटीएवढा जॉइनिंग बोनस देता का. बहुतेक दोन्हीला नाही म्हणतील. म्हणू द्या. साडेचार वर्षांच्या टेस्टरला नाशिकमध्ये हीच एक ऑफर येणार आहे असं नाही.

प्रश्न : मी अंबडला सीएनसी ऑपरेटर आहे. जानेवारीपासून पगार १९,८०० चा २२,५०० झाला. एचआरने सांगितलं, आता तू ईएसआयमधून (कामगार राज्य विमा योजनेतून) बाहेर, फेब्रुवारीपासून कार्ड चालणार नाही. बायकोच्या पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन सांगितलंय. सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये तपासण्या चालू आहेत. पगारवाढ परत करता येते का?
— पाथर्डी फाटा

उत्तर : अहो, पगारवाढ परत कसली करता! एचआरने अर्धवट सांगितलंय. ईएसआयची मर्यादा सध्या २१,००० आहे हे बरोबर. पण वर्षाचे दोन भाग असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भाग सुरू होताना तुम्ही मर्यादेत असलात तर मधे पगार कितीही वाढो, तो भाग संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते. म्हणजे मार्चअखेरपर्यंत तुमच्या २२,५०० वर पाऊण टक्का, १६९ रुपये कापले गेलेच पाहिजेत. कंपनीला सव्वातीन टक्के भरावे लागतात, ७३१ रुपये. ही घाई त्यासाठी तर नाही ना, एवढी शंका मला येतेच.

आणि वर्गणी एका भागाची, तर लाभ पुढच्या काळात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर आत्ताचे जानेवारी ते जून. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर, फक्त त्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. रोज कामावर जाणाऱ्याची ती भरतेच. म्हणजे तुमचं कुटुंब ३१ डिसेंबरपर्यंत आत आहे. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने लॉगिन करून पात्रता बघा, तिचं प्रिंट काढून फाइलला लावा आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगारपत्रकात ईएसआयची ओळ आहे ना ते तपासा. ऑपरेशन निवांत होऊ द्या. डिसेंबरनंतरसाठी कंपनी मेडिक्लेम देणार आहे का, हे मात्र आत्ताच लेखी विचारा. २१ हजारांच्या थोडं वर गेलेल्या माणसाला ईएसआयही नाही आणि मेडिक्लेमही नाही, असं अंबडमध्ये मी फार पाहिलंय.

प्रश्न : मी मखमलाबादला घरून कस्टमर सपोर्ट करतो. लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर आहे, माउस दहा मिनिटं हलला नाही की 'आयडल'. दिवसात तीनदा आयडल झालं की हाफ डे कापतात. मागच्या महिन्यात आमच्याकडे लाइट जाऊन तीन हाफ डे गेले. हे चालतं का?

उत्तर : नजर ठेवणं चालतं, हे असं कापणं चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि ती कमी-जास्त पगाराच्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना लागू आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. गैरहजेरीचे पैसे गैरहजर वेळेच्या प्रमाणातच कापता येतात, वीस मिनिटांना वीस मिनिटांचे. अर्धा दिवस कापला तर उरलेला भाग दंड ठरतो. आणि दंड करायचा तर कोणत्या चुकांना, त्याची यादी सरकारकडून मंजूर करून आधी लावलेली हवी, तुमचं म्हणणं ऐकून घेतलेलं हवं, आणि तो त्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. तुमचे तीन हाफ डे म्हणजे महिन्याच्या पगाराचे पाच टक्के होतात.

भांडण करायच्या आधी पुरावा जमवा. लाइट गेली की महावितरणचा मेसेज किंवा ॲपमधला स्क्रीनशॉट लगेच टीम लीडला पाठवायचा, व्हॉट्सॲपवर नाही, मेलवर. महिनाअखेर त्या मेलच्या तारखा लिहून पगार दुरुस्त करून मागा. नाही केला तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज देता येतो, त्याला वकील लागत नाही. एक साधा इन्व्हर्टर कंपनीकडून मागून बघायलाही हरकत नाही. ऑफिसात जनरेटरचं डिझेल तेच भरतात ना?

आता भराभर काही.

कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या ताईंना पगार २२,०००, त्यातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. ताई, एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. पुरुषांना आहे, २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. तुमच्या क्लासचं सॉफ्टवेअर जुनं असेल. कापून सरकारकडे भरलेत की स्वतःकडेच ठेवलेत, ते चलन मागून बघा.

मुंबईच्या कंपनीचं काम नाशिकमधून करणाऱ्या एकाने विचारलंय की घरभाडे भत्त्याची सूट मुंबईच्या हिशेबाने बेसिकच्या पन्नास टक्के धरायची का. नाही. भाडं जिथल्या घराचं, तिथला हिशेब. नाशिकला चाळीस टक्के. आणि ही सूट जुन्या करपद्धतीतच आहे. नवी निवडली असेल तर घरमालकाच्या पावत्या गोळा करण्याचे कष्ट घेऊ नका.

सिन्नरच्या एका मुलाला दर अकरा महिन्यांनी नवं काँट्रॅक्ट देतात. तुम्ही कंपनीच्याच रोलवर ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं लागत नाहीत. अकराच महिने का, हे आता तुमच्या लक्षात येईल. दोन काँट्रॅक्टमधल्या 'ब्रेक'मध्ये तुम्ही प्रत्यक्षात कामावर होतात का? असलात तर गेटची नोंद, बसचा पास, शिफ्टचे मेसेज जपून ठेवा आणि मला पुन्हा लिहा, अपॉइंटमेंट लेटरच्या झेरॉक्ससह.

राजीनामा देऊन महिना झाला, कंपनी म्हणते फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) पंचेचाळीस दिवसांनी, असं तिघांनी लिहिलंय. वर सांगितलेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायला सांगितलं आहे. पंचेचाळीस दिवस ही कंपनीची जुनी सवय. कलम १७ चा उल्लेख करून एक मेल टाका. ग्रॅच्युइटीचं वेगळं, तिला तीस दिवसांची मुदत आहे.

आणि गंगापूर रोडच्या त्या मुलाला, ज्याला जुन्या कंपनीतला अडीच वर्षांचा पीएफ काढून बुलेट घ्यायची आहे : नवी नोकरी लागली आहे, तेव्हा जुनं खातं मोडायचं नसतं, नव्याला जोडायचं असतं. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून ऑनलाइन ट्रान्सफर टाका. तसं केलंत की ती अडीच वर्षं पुढच्या सेवेत धरली जातात. पाच वर्षांच्या आत काढलात तर ते पैसे करपात्र होतात, आणि रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असेल तर दहा टक्के टीडीएस आधीच कापून येतो. ट्रान्सफर अडकली तर पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला असतं. आधार, पासबुक आणि जुन्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर घेऊन सकाळीच जा, दुपारी फार गर्दी होते.